जबड्याची वाढ उलगडणारा सर्जन

पाच वर्षांच्या मुलाची खालची दाढ किडून ठणकायला लागली, की दंतवैद्य ती बधिर करायला सुई टोचतात. मोठ्या माणसाला जिथे टोचतात, तिथेच मात्र टोचत नाहीत. मुलाच्या तोंडात सुई थोडी खाली धरावी लागते आणि कमी खोल न्यावी लागते. खालच्या दातांना संवेदना पुरवणारी नस जबड्याच्या हाडात ज्या छिद्रातून शिरते, ते छिद्रच मुलाच्या जबड्यात वेगळ्या पातळीवर असते. मुलाचा जबडा म्हणजे मोठ्या माणसाच्या जबड्याची छोटी प्रतिकृती नव्हे. तो सगळीकडून सारखा फुगत मोठा होत नाही, ठरावीक जागी वाढतो आणि ठरावीक जागी झिजतो. ही गोष्ट १७७१ मध्ये पुस्तकात चित्रांसह मांडली ती लंडनमधल्या जॉन हंटर या सर्जनने. भूल देण्याची कल्पनाही तेव्हा कुणाला नव्हती. दात उपटायचा तर दोघांनी धरायचे आणि तिसऱ्याने ओढायचे, असा तो काळ.

हंटरचा जन्म फेब्रुवारी १७२८ मध्ये स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोजवळच्या लाँग काल्डरवुड या शेतावर झाला. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा. शाळेत त्याचे मन कधी रमले नाही. लिहिणे-वाचणे आयुष्यभर जडच गेले आणि वर्गात बसण्यापेक्षा पक्षी, मधमाश्या, गवत आणि झाडांची पाने न्याहाळत हिंडणे त्याला अधिक आवडे. वडील गेले तेव्हा तो १३ वर्षांचा होता. विशीत आला तरी पुढे काय करायचे ते ठरलेले नव्हते. थोरला भाऊ विल्यम मात्र लंडनमध्ये नाव कमावत होता. शरीररचना शिकवण्यासाठी त्याने कॉव्हेंट गार्डन भागात स्वतःची शाळा काढली होती. १७४८ मध्ये जॉन घोड्यावर बसून लंडनला गेला आणि भावाच्या हाताखाली काम करू लागला. शरीर उकलण्यात त्याचा हात असा काही बसला, की थोड्याच काळात विद्यार्थ्यांना शिकवण्याचे कामही त्याच्याकडे आले.

त्या शाळेचे वैशिष्ट्य असे, की तिथे विद्यार्थ्याला नुसते लांबून पाहावे लागत नसे, स्वतःच्या हाताने प्रेताचे विच्छेदन करायला मिळे. पण त्यासाठी प्रेते हवीत आणि कायद्याने मिळत ती फक्त फाशी गेलेल्या काही गुन्हेगारांची. बाकीची गरज दफनभूमीतून भागवली जाई. रात्री ताजी थडगी उकरून प्रेते विकणाऱ्यांचा एक धंदाच लंडनमध्ये उभा राहिला होता. भावाच्या शाळेसाठी प्रेते मिळवण्याची जबाबदारी जॉनवर होती आणि या मंडळींशी त्याचे चांगले संबंध होते. या बाजारात लहान मुलांच्या प्रेताचा भाव लांबीवर, इंचाच्या हिशेबाने ठरत असे. त्या काळच्या लंडनमध्ये बालमृत्यू इतके होते, की या मालाची टंचाई नव्हती. हंटरच्या पुढच्या कामाकडे पाहताना ही बाजू विसरता येत नाही. जबडा कसा वाढतो हे समजण्यासाठी त्याला निरनिराळ्या वयाच्या मुलांचे जबडे लागले. पुस्तकातल्या सुरेख चित्रांत ते जबडे आहेत, त्या मुलांची नावे नाहीत.

सुमारे १२ वर्षे हे काम केल्यावर त्याची तब्येत ढासळली. १७६० मध्ये त्याने सैन्यात सर्जनची नोकरी धरली, फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावरच्या लढाईत आणि नंतर पोर्तुगालमध्ये जखमी सैनिकांवर उपचार केले. १७६३ मध्ये तो परतला तेव्हा भावाच्या शाळेतली जागा दुसऱ्याकडे गेली होती आणि हातात होता तो निम्मा लष्करी पगार. अशा वेळी त्याने जेम्स स्पेन्स नावाच्या दंतवैद्याबरोबर काम सुरू केले. आज यात काही विशेष वाटणार नाही. तेव्हा मात्र दात काढणे हे न्हावी, लोहार आणि जत्रेतले भोंदू करत. शिकलेल्या सर्जनने तोंडात हात घालणे हे कमीपणाचे समजले जाई. हंटरला प्रतिष्ठेची फारशी फिकीर नव्हती. स्पेन्सच्या खुर्चीत रोज जिवंत माणसांची तोंडे पाहायला मिळत होती आणि घरी कपाटात मेलेल्यांचे जबडे होते. दोन्हींची सांगड घालणारा माणूस त्याआधी दंतवैद्यकाला क्वचितच मिळाला होता.

त्याची पद्धत साधी होती. गर्भातल्या बाळापासून प्रौढापर्यंत निरनिराळ्या वयाचे जबडे त्याने ओळीने मांडले आणि मोजले. बाळाच्या जबड्यात, हिरडीच्या आत, अजून न उगवलेल्या दातांचे कोंब कुठे आहेत ते पाहिले. मग त्याच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. मुलाला प्रत्येक बाजूला दुधाचे पाच दात असतात : पटाशीचे दोन, एक सुळा आणि दोन दाढा. मोठेपणी त्याच जागी पटाशीचे दोन, सुळा आणि दोन उपदाढा येतात. म्हणजे पाचाच्या जागी पाचच. हंटरने पाहिले, की या पाच दातांना सामावणारा जबड्याचा पुढचा भाग मूल मोठे झाले तरी फारसा लांबत नाही. मग प्रौढाचा जबडा लांब होतो तो कुठे? मागे. कायमच्या तीन दाढा, म्हणजे सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी, बाराव्या वर्षाच्या सुमारास येणारी आणि अक्कलदाढ, या सगळ्यांची जागा मागच्या बाजूला नव्याने तयार होते.

पण मागे तर जबड्याचा उभा भाग असतो. कानासमोर बोट ठेवून तोंड उघडले-मिटले की ज्या सांध्याची हालचाल जाणवते, तिथपर्यंत हा भाग वर जातो. सहा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात पुढच्या दाढांसाठी जागाच नसते, कारण जिथे त्या यायच्या तिथे हा उभा भाग आडवा आलेला असतो. हंटरचे उत्तर असे, की हा उभा भागच हळूहळू मागे सरकतो. सरकतो म्हणजे हाड घसरत नाही. त्याच्या मागच्या कडेवर नवे हाड चढत जाते आणि पुढच्या कडेचे जुने हाड शरीर शोषून घेते. आज जिथे पंधरा वर्षांच्या मुलाची दुसरी दाढ उभी आहे, तिथे तो पाच वर्षांचा असताना जबड्याची ही पुढची कड होती.

जिवंत हाड एका बाजूने विरघळते आणि दुसऱ्या बाजूने वाढते, ही कल्पना त्या काळी पचायला सोपी नव्हती. हाड म्हणजे शरीरातला दगड, असाच समज होता. हंटरने ती तपासण्यासाठी जनावरांवर प्रयोग केले आणि त्यात त्याच्या मदतीला आले कापड रंगवण्याचे मूळ. आपल्याकडच्या मंजिष्ठेची युरोपीय बहीण असलेली मॅडर ही वनस्पती लाल रंगासाठी वापरत. १७३६ मध्ये जॉन बेल्चर या लंडनच्या सर्जनने नोंदवले होते, की रंगाऱ्यांकडचा मॅडरचा चोथा खाणाऱ्या डुकरांची हाडे लाल होतात. त्याच्या हे लक्षात आले ते कालिकतवरून नाव पडलेले कॅलिको कापड छापणाऱ्या एका माणसाच्या घरी जेवताना, ताटातल्या हाडाकडे पाहून. हा रंग नव्याने तयार होणाऱ्या हाडातच बसतो. हंटरने वाढत्या डुकरांना काही काळ मॅडर खाऊ घातले, मग थांबवले आणि हाडे कापून लाल-पांढरे थर वाचले. दुसऱ्या एका प्रयोगात त्याने डुकराच्या पिलाच्या नडगीच्या हाडात शिशाचे दोन छर्रे बसवले आणि त्यांच्यातले अंतर मोजून ठेवले. जनावर मोठे झाले, हाड लांबले, छर्ऱ्यांमधले अंतर तेवढेच राहिले. हाड मधून ताणले जात नाही, टोकांना वाढते, असा त्याचा अर्थ.

याच रंगाच्या प्रयोगातून त्याने एक चुकीचा निष्कर्षही काढला. पूर्ण तयार झालेल्या दाताला मॅडरचा रंग चढत नाही, यावरून दाताच्या टणक भागाला रक्तपुरवठा नाही इथपर्यंत तो बरोबर होता. पण पुढे जाऊन दात हा शरीरात बसवलेल्या परक्या वस्तूसारखा आहे, असेही त्याने जवळजवळ ठरवून टाकले. दात येताना बाळांना ताप आणि झटके येतात या सार्वत्रिक समजुतीवरही त्याचा विश्वास होता, आणि अशा बाळाच्या हिरडीवर चिरा द्याव्यात असे तो सांगे. ही प्रथा पुढे शंभरहून अधिक वर्षे चालली. बाळांना तिचा काही उपयोग नव्हता.

दातांवरचे त्याचे पुस्तक, द नॅचरल हिस्टरी ऑफ द ह्यूमन टीथ, १७७१ मध्ये निघाले. चित्रे यान फान रिम्सडाइक या कसबी चित्रकाराची होती. त्याच वर्षी हंटरने अ‍ॅन होम या कवयित्रीशी लग्न केले. लग्नाचा खर्च पुस्तकाच्या पैशांतून निघाला, असे सांगितले जाते. अ‍ॅनच्या कवितांना पुढे हायडन या संगीतकाराने चाली दिल्या. दिवाणखान्यात तिच्या मैफली आणि मागच्या खोल्यांत याची प्रेते, असे ते घर होते. दातांच्या रोगांवरचा दुसरा भाग १७७८ मध्ये आला.

या दुसऱ्या भागात आज वाचताना अंगावर काटा येईल असा एक विषय आहे : दात रोपण. श्रीमंतांचा पडलेला दात भरून काढायला गरिबाचा निरोगी दात उपटायचा आणि ताजा असतानाच त्या खाचेत बसवायचा. हंटरने याचा मोठा पुरस्कार केला. पहिला दात बसला नाही तर दुसरा हवा, म्हणून दात देणारी दोन-तीन माणसे तयार ठेवावीत, असा त्याचा सल्ला होता. दात विकणारे बहुधा कोवळ्या वयाचे आणि पैशांची निकड असलेले असत. रोपण केलेला दात जगतो हे दाखवण्यासाठी त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात बसवला होता. तो नमुना अजून जपलेला आहे. माणसांच्या तोंडात मात्र हे दात फार काळ टिकत नसत. त्यातच अशा रोपणानंतर उपदंशासारखा आजार झाल्याच्या तक्रारी आल्या. हंटर ते मान्य करायला तयार नव्हता. शतक संपेपर्यंत ही फॅशन मागे पडली. मुलाच्या जबड्याचा इतका बारकाईने अभ्यास करणाऱ्याला, विकत घेतलेला कायमचा दात त्या मुलाला पुन्हा येणार नाही हे इतरांपेक्षा चांगले ठाऊक होते.

१७६८ मध्ये तो सेंट जॉर्ज रुग्णालयात सर्जन झाला आणि पुढच्या २५ वर्षांत इंग्लंडचा सर्वांत नावाजलेला सर्जन बनला. देवीच्या लशीमुळे जगाला माहीत झालेला एडवर्ड जेनर हा त्याच्या घरी राहून शिकलेला विद्यार्थी. नुसता तर्क करत बसण्यापेक्षा प्रयोग करून पाहा, हा त्याचा जेनरला सल्ला होता. अर्ल्स कोर्ट इथल्या घरात त्याने बिबट्यांपासून मधमाश्यांपर्यंत अनेक प्राणी पाळले. मिळकतीतला मोठा भाग संग्रहालयावर खर्च झाला. मृत्यूच्या वेळी त्यात सुमारे १४,००० नमुने होते. त्यांत चार्ल्स बर्न या असामान्य उंचीच्या आयरिश तरुणाचा सांगाडाही होता. आपले शरीर हंटरच्या हाती पडू नये म्हणून समुद्रात दफन करावे, अशी बर्नची इच्छा होती. १७८३ मध्ये तो मरण पावला आणि हंटरने पैसे चारून ते शरीर मिळवलेच.

शेवटची काही वर्षे त्याला छातीत कळा येत. राग आला की त्या हमखास येत आणि राग तर त्याच्या नाकावर असे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी रुग्णालयाच्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून वाद झाला. तो खोलीबाहेर पडला, कोसळला आणि गेला. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या हाडासारख्या कडक झालेल्या आढळल्या. सरकारने १७९९ मध्ये त्याचा संग्रह १५,००० पौंडांना विकत घेतला. त्याची हस्तलिखिते मात्र मेहुणा एव्हरार्ड होम याने १८२३ मध्ये जाळली. त्याआधी त्याने त्यांतला बराच मजकूर स्वतःच्या नावावर खपवला, असा आरोप आजही होतो. विल्यम क्लिफ्ट या इमानी मदतनिसाने आधीच नकलून ठेवले होते म्हणून काही वाचले. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात संग्रहाचा मोठा भाग नष्ट झाला. उरलेले संग्रहालय २०२३ मध्ये नव्याने उघडले तेव्हा बर्नचा सांगाडा प्रदर्शनातून काढून घेण्यात आला होता.

जबड्याविषयीचे त्याचे म्हणणे मात्र टिकले. एकोणिसाव्या शतकात केंब्रिजच्या जॉर्ज हम्फ्री यांनी डुकराच्या पिलांच्या जबड्याच्या उभ्या भागात, पुढच्या आणि मागच्या कडेला तारेची वळी अडकवली. पुढची वळी हाड झिजल्याने मोकळी झाली, मागची नव्या हाडात गाडली गेली. हंटरने ओळीतल्या जबड्यांवरून जे ताडले होते तेच हे.

भूल येईपर्यंत या ज्ञानाचा दातदुखीला उपयोग नव्हता. १८८४ मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखवले आणि काही आठवड्यांतच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल हे सर्जन कोकेनचे द्रावण थेट नसांपाशी टोचू लागले. जबड्यातली ही नस त्यांनी सर्वांत आधी बधिर केलेल्या नसांपैकी एक. प्रयोग स्वतःवर केल्यामुळे दोघांनाही कोकेनचे व्यसन जडले. आज दवाखान्यात वापरतात ते लिग्नोकेन १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले. ते व्यसन लावत नाही. पण औषध कितीही चांगले असले तरी ते छिद्राजवळ पोहोचले नाही तर दाढ बधिर होत नाही, आणि मुलाला दुखतच राहते.

ते छिद्र जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या बाजूला असते. म्हणजे हंटरने दाखवले तसा सतत घडत-झिजत असलेल्या भागात. हा भाग केवळ मागेच सरकत नाही, उंचही होतो. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या मुलात छिद्र हे दाढांच्या चावण्याच्या पातळीपेक्षा काही मिलीमीटर खाली असते, मूल वाढते तसे ते त्या पातळीला येते आणि प्रौढात तिच्या वर जाते. प्रौढाच्या हिशेबाने टोचलेली सुई मुलात छिद्राच्या वर पडते. खोलीचेही तसेच. प्रौढात सुई २० ते २५ मिलीमीटर आत जाते, मुलात साधारण १५ मिलीमीटर पुरतात. यातला कुठलाही आकडा वयावरून आंधळेपणाने घेता येत नाही, कारण एकाच वयाच्या दोन मुलांचे जबडे सारखे नसतात. म्हणून दंतवैद्य आधी दाढांच्या मागे अंगठा ठेवून जबडा जिथे वर वळतो ती कड चाचपतात. हीच ती कड, जी वर्षागणिक झिजत मागे जाते. अंगठ्याने तिची जागा कळली की सुई कुठे धरायची ते ठरते.

औषधाचे प्रमाणही वजनावर असते. लहान मुलांच्या दंतवैद्यांच्या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार लिग्नोकेनची कमाल मात्रा दर किलोला ४.४ मिलीग्रॅम आहे. त्यामुळे मुलाचे आताचे वजन, चालू औषधे आणि आधीचे आजार पालकांनी दवाखान्यात आपणहून सांगावेत. वाढत्या वयातल्या हाडाचा एक फायदाही आहे. ते प्रौढाच्या हाडापेक्षा कमी घट्ट असते, औषध त्यातून झिरपते. म्हणून दुधाच्या दातांसाठी पुष्कळदा दाताशेजारी हिरडीत दिलेले छोटे इंजेक्शन पुरते आणि नस बधिर करण्याची वेळ येत नाही.

नस बधिर केली असेल तर दाढेचे काम संपल्यावरही त्या बाजूचा ओठ आणि जिभेचा अर्धा भाग दोन-तीन तास बधिर राहतो. लहान मुलांना ही गंमत वाटते आणि ती ओठ चावत बसतात. संवेदना परत येईपर्यंत चावून खायचे काही देऊ नये आणि मुलावर लक्ष ठेवावे. ओठ चावला गेलाच तर दुसऱ्या दिवशी तो सुजतो, त्यावर पांढरट चट्टा येतो. तो पू समजून पालक घाबरतात, पण बहुतेक वेळा ती भरत आलेली जखम असते आणि आठवडा-दहा दिवसांत बरी होते. सूज वाढत गेली किंवा ताप आला तर मात्र दंतवैद्याला दाखवावे.